बिनविषाची ज्वारी: जनुक बदलून चारा सुरक्षित करता येतो का?

सांगोल्याकडच्या एका दूध उत्पादकाचा प्रश्न आहे. पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघ्याच्या खालीच खुंटली, मग एक सर आली आणि कोवळे फुटवे आले. त्यात सुटून गेलेल्या दोन गाई डॉक्टर पोहोचायच्या आत दगावल्या. जनुकात बदल करून विष नसलेली कडवळाची, म्हणजे चाऱ्याची, ज्वारी तयार झाल्याचं त्यांच्या वाचनात आलं. हे खरं आहे का, अशा चाऱ्यावरच्या गाईचं दूध प्यायला चालेल का, बी कधी मिळेल आणि तोवर काय करायचं, असं ते विचारतात.

आधी सरळ उत्तर देतो. हो, अशी ज्वारी तयार झाली आहे, आणि एका नव्हे तर अनेक मार्गांनी. तिच्या चाऱ्यावरचं दूध प्यायला हरकत असण्याचं काही कारण मला दिसत नाही. पण आपल्या शेतकऱ्यांसाठी प्रसारित झालेलं असं वाण भारतात अजून नाही. आलं तरी ते पेरताना काही गोष्टी समजून घ्याव्या लागतील, नाहीतर 'बिनविषाची' म्हणून सोडलेल्या रानातच जनावर मरेल. त्यासाठी हे विष झाडात बनतं कसं, इथपासून सुरुवात करावी लागेल.

ज्वारीत तयार सायनाइड नसतं. असतो तो धुरिन नावाचा पदार्थ, १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री यांनी ज्वारीतून वेगळा काढलेला. पानाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये तो साठवलेला असतो, आणि त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आतल्या हिरव्या पेशींमध्ये असतं. विड्यात चुना आणि काथ वेगवेगळे असतात तोवर रंग नसतो, चावलं की चढतो, तसंच इथे घडतं. गाईने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजेच सायनाइडचं विष, सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावरात आणखी एक अडचण आहे. त्याच्या पहिल्या पोटातले जिवाणूसुद्धा धुरिन फोडू शकतात. म्हणून घोडा किंवा डुक्कर यांच्यापेक्षा गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांना धोका जास्त.

सायनाइड पेशीतल्या श्वसनाच्या शेवटच्या विकरावर जाऊन बसतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणूनच अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं. जनावराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम विष एकदम पोटात गेलं तर ते जीवघेणं ठरतं. ४०० किलोच्या गाईला ८०० मिलिग्रॅम पुरतं. कोवळ्या, ताणातल्या चाऱ्यात ओल्या वजनाच्या दर किलोमागे २०० मिलिग्रॅम सायनाइड सुटण्याची क्षमता असेल तर अवघा चार किलो हिरवा चारा झाला. उपाशी गाय तेवढा बघता बघता संपवते.

या हिशोबात 'एकदम' हा शब्द महत्त्वाचा आहे. यकृतात सायनाइडला गंधक जोडून त्याचा निरुपद्रवी पदार्थ करणारं विकर असतं. विष सावकाश आलं तर यकृत ते निस्तरतं. एकाच रानात गेलेल्या पाच जनावरांपैकी दोन मरतात आणि तीन जगतात, त्यामागे बहुतेक वेळा खाण्याचा वेग असतो. नशिबाचा भाग त्यात फारसा नाही.

आता जनुकांकडे येऊ. झाड धुरिन बनवतं ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून, तीन विकरांच्या मदतीने. पहिल्याचं नाव सीवायपी७९ए१, दुसऱ्याचं सीवायपी७१ई१ आणि तिसऱ्याचं यूजीटी८५बी१. हे तिसरं विकर शेवटी साखरेचा रेणू जोडून पदार्थ स्थिर करतं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या बिर्गर लिंडबर्ग म्योलर यांच्या गटाने ही साखळी कडी कडी करून उलगडली. त्यांनी २००१ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, जो मला फार मोलाचा वाटतो. हे तिन्ही जनुक त्यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडात घातले. त्या झाडात धुरिन बनू लागलं आणि नेहमी त्या कुळातली झाडं खाणारे पिसू भुंगेरे त्याला टाळू लागले. म्हणजे धुरिन ही झाडाची ढाल आहे, हे थेट सिद्ध झालं. चाऱ्यातून ते काढायचं ठरवलं की ही ढालही काढली जाते. पुढचा सगळा विचार याच अडचणीभोवती फिरतो.

साखळी तीन ठिकाणी तोडता येते. कुठे तोडली त्यावर सगळं ठरतं.

ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठातल्या रॉस ग्लीडो आणि सेसिलिया ब्लॉमस्टेट यांच्या गटाने, कोपनहेगनच्या मदतीने, ज्वारीच्या बियाण्यावर रासायनिक प्रक्रिया करून हजारो झाडांत यादृच्छिक बदल घडवले आणि मग प्रत्येक झाडाची सायनाइडची चाचणी केली. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात एक ओळ, म्हणजे एका झाडापासून वाढवलेला वंश, अशी सापडली की जिच्यात सायनाइड जवळजवळ शून्य होतं. तिच्या पहिल्या विकरातला एकच अमिनो आम्लाचा घटक बदललेला होता, ४१४व्या जागेवरचा. विकर निकामी झालं आणि साखळी सुरूच झाली नाही. रोपावस्थेत ती थोडी सावकाश वाढली, पण पुढे चांगली सावरली.

याच गटाने नंतर तिसरा जनुक बंद असलेली ओळ अभ्यासली. तिची झाडं नीट वाढलीच नाहीत, खुरटली. कारण उघड आहे. पहिली दोन विकरं काम करत राहतात, अर्धवट बनलेला अस्थिर पदार्थ झाडात साठतो आणि झाडालाच त्रास देतो. म्हणून कुणी 'धुरिनचा जनुक बंद केला' असं म्हटलं तर माझा पहिला प्रश्न असतो की कोणता. साखळीच्या दारातच अडवलं तर झाड सुखी राहतं. शेवटच्या टप्प्यावर अडवलं तर झाडच खुरटतं.

चौथी एक जागा आहे, धुरिन फोडणारं विकर. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात २०१३ मध्ये अशी ज्वारी सापडली जिच्यात धुरिन पुरेपूर होतं, पण पान चावल्यावर ते झटकन फोडणारं मुख्य विकर नव्हतं. सायनाइड फार सावकाश सुटत होतं. पशुपालकाला हे आकर्षक वाटेल. मला वाटत नाही. गाईच्या पोटातले जिवाणू धुरिन फोडतातच, झाडाचं विकर असो वा नसो. शिवाय त्या प्रयोगात लष्करी अळीने अशी झाडं जास्त पसंत केली. ढाल गेली आणि गाईचा धोका पुरता गेला नाही, असा दुहेरी तोटा.

आणि ही अळी आपल्याला परकी राहिलेली नाही. मक्यावरची ती लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. ज्वारीवर खोडमाशी आणि खोडकिडा आधीपासून आहेतच. अंकुराच्या टोकात सुक्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत धुरिन मोजलं गेलं आहे. झाड सर्वात मोठा साठा सर्वात नाजूक वयात ठेवतं, कारण त्याला शत्रू त्याच वयात जास्त असतात. ही ढाल पूर्ण उतरवलेलं वाण सोलापूर-सांगलीच्या खरिपात कसं टिकेल, याची चाचणी इथल्याच रानात, इथल्याच किडींसमोर झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या आकड्यांवर मी तुम्हाला बी पेरायला सांगणार नाही.

म्हणून २०१२च्या त्या कामातली दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा जास्त आशादायक वाटते. तिच्या रोपांमध्ये सायनाइड नेहमीसारखं होतं, पण झाड वाढल्यावर पानांतलं प्रमाण खूप खाली आलं. म्हणजे नाजूक वयात ढाल शाबूत आणि कापणीच्या वयात चारा सुरक्षित. तुमच्यासारख्या गोठ्याला, जिथे जनावर रोपांवर सोडायचं नसतंच पण कापणी एक-दोन आठवडे मागेपुढे होते, हाच गुण हवा. विष झाडातून काढायचं नाही, गाईच्या तोंडात जाणाऱ्या भागातून आणि वयातून काढायचं. वीस-पंचवीस वर्षं चाऱ्यातल्या विषबाधा हाताळल्यावर माझं या विषयातलं ठाम मत हेच झालं आहे.

या मताला आधार ज्वारीच्या बाहेरही आहे. कपाशीचं उदाहरण आपल्याला जवळचं, कारण सरकी पेंड आपल्याकडे घरोघरी चालते. सरकीतलं गॉसिपॉल वासरांना, कोंबड्यांना आणि माणसाला बाधतं. मोठ्या जनावराच्या पोटात त्याचा बराच भाग बांधला जातो, म्हणून गाई-म्हशी ते सहन करतात. १९५०च्या दशकात गॉसिपॉलच्या ग्रंथीच नसलेली कपाशी सापडली होती. ती शेतात टिकली नाही, किडी आणि इतर प्राणी तिच्यावर तुटून पडले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीर्ती राठोर यांनी वेगळा रस्ता घेतला. गॉसिपॉल बनवणारा जनुक त्यांनी फक्त बियांत गप्प केला. पानं, बोंडं, खोड यांत ते जसंच्या तसं राहिलं. २००६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं, अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्याला मोकळीक दिली. कल्पनेपासून परवानगीपर्यंत दोन दशकांहून जास्त काळ गेला, हेही लक्षात ठेवा. बी कधी मिळेल या प्रश्नाच्या उत्तरात हा काळ मोजावाच लागतो.

अमेरिकेतल्या टॉल फेस्क्यू गवताची कथा याहून बोलकी आहे, आणि तिथे तर जनुकाला हातही लावलेला नाही. केंटकी-३१ हे वाण १९४३ मध्ये प्रसारित झालं आणि कोट्यवधी एकरांवर पसरलं. त्यावर चरणाऱ्या गुरांना उन्हाळ्यात धाप लागायची, दूध आटायचं, थंडीत खुरं आणि शेपटीची टोकं झडायची. १९७०च्या दशकात कारण सापडलं. गवताच्या आत एक बुरशी राहते आणि ती, धान्यावरच्या अरगट बुरशीसारखी, अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं बनवते. मग बुरशी काढून टाकलेलं बी विकायला आलं. जनावरं सुखी झाली, पण कुरणं मात्र दुष्काळात आणि चराईत विरळ होऊन गेली, कारण तीच बुरशी गवताला तग धरायला मदत करत होती. अखेर न्यूझीलंड आणि जॉर्जियाच्या संशोधकांनी अशी नैसर्गिक बुरशी शोधली जी गवताला सांभाळते पण जनावराला बाधणारं अल्कलॉइड बनवत नाही. ती घातलेलं बी २००० सालाच्या सुमारास बाजारात आलं आणि आजही चालतं. तिथल्या पशुपालकांना कुरणं दोनदा पेरावी लागली. आपल्याला ज्वारीच्या बाबतीत तो खर्च टाळता येण्यासारखा आहे.

काढण्याऐवजी घालण्याचाही एक प्रकार आहे, त्याबद्दल थोडक्यात. लसूणघास किंवा क्लोव्हर ओलं असताना जास्त खाल्लं की पोट फुगतं, कारण त्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांचा फेस होतो. टॅनिन ही प्रथिनं बांधतं आणि फेस होऊ देत नाही. न्यूझीलंडच्या ॲगरिसर्च संस्थेने एका रानटी क्लोव्हरमधला टॅनिन चालू करणारा जनुक पांढऱ्या क्लोव्हरमध्ये घालून पानांत टॅनिन आणलं. काम सुंदर आहे. पण हे परक्या जातीचा जनुक घातलेलं पीक, आणि चराऊ कुरणातलं क्लोव्हर मधमाशीच्या पायांवरून कुठेही जातं, म्हणून त्याची वाट लांबची आहे. अमेरिकेत तणनाशक सहन करणारा लसूणघास २००५ मध्ये आला, २००७ मध्ये न्यायालयाने थांबवला आणि २०११ मध्ये पुन्हा सुरू झाला. चारा पिकात असं घडतं, कारण त्यातली बरीच बहुवर्षायू असतात, फुलतात आणि शेजाऱ्याच्या बांधावर कुंपण मानत नाहीत.

ज्वारीतही हा प्रश्न आहे. तुमच्या बांधावरचं बरू हे ज्वारीचं सख्खं नातेवाईक, आणि दोघांत परागण होतं. ज्वारीत तणनाशक सहन करणारा जनुक घातला आणि तो बरूत गेला तर बरू तुमच्या हाताबाहेर जाईल. म्हणून तशा जनुकाला माझा ज्वारीत विरोध आहे. पण धुरिन बंद करणारा बदल बरूत गेला तर बरूचं नुकसानच होईल, ते किडींना उघडं पडेल. तणाला ज्याचा फायदा नाही तो गुण तणात टिकत नाही. याच कारणासाठी 'जनुक बदल' या एका शब्दाखाली सगळं एकत्र मोजणं मला पटत नाही.

आपल्याकडे काय चाललंय? हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ज्वारीतल्या पहिल्याच जनुकाला उलट्या क्रमाच्या प्रतीने दाबून धुरिन कमी करता येतं, हे दाखवलं. याच संस्थेचं रब्बी ज्वारीचं केंद्र सोलापुरात आहे, म्हणजे ज्ञान आपल्या दारात आहे. पण उलट्या क्रमाची प्रत झाडात घातली की ते नियमांच्या दृष्टीने जनुकीय परावर्तित पीक ठरतं, आणि १९८९च्या नियमांनुसार मंजुरीच्या पूर्ण पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्याकडे त्या पायऱ्या चढून शेतात आलेलं पीक म्हणजे २००२ची बीटी कपाशी. चारा पिकाने तोच रस्ता धरला तर किती वर्षं लागतील हे तुम्हीच ओळखा.

दोन रस्ते त्यापेक्षा जवळचे आहेत. पहिला म्हणजे रसायनाने किंवा किरणोत्साराने घडवलेला बदल, जो ऑस्ट्रेलियात झाला. आपल्याकडे अशा बदलाला वेगळी परवानगी लागत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची भुईमुगाची वाणं, टीएजी-२४सारखी, याच वाटेने तुमच्या-आमच्या शेतात आली आणि कुणी त्यांना घाबरलं नाही. दुसरा म्हणजे जनुक संपादन. नेमक्या जागी कात्री लावायची आणि बाहेरचं काही शिल्लक ठेवायचं नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये अशा संपादित वनस्पतींना त्या जड नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताची दोन संपादित वाणं, डीआरआर धान १०० म्हणजे कमला आणि पुसा डीएसटी राइस १, जाहीरही झाली. भातात झालं ते ज्वारीत करता येण्यासारखं आहे. अडतंय ते एवढ्यावरच की चाऱ्याच्या पिकाला धान्याइतकं महत्त्व आपल्या संशोधनात मिळत नाही. राज्यात हिरव्या आणि वाळलेल्या, दोन्ही चाऱ्यांची तूट दरवर्षी मांडली जाते, कडब्याचे भाव उन्हाळ्यात किती चढतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तरीही चाऱ्याची गुणवत्ता सुधारणं हे दुय्यम काम समजलं जातं. मला याचा मनापासून त्रास होतो.

दुधाबद्दल. पहिल्या जनुकातलं एक अक्षर बदललेल्या ज्वारीत नवं काही बनत नाही, उलट एक पदार्थ बनायचा थांबतो. गाय खाते तो जनुक आणि ती प्रथिनं पोटात पचतात, इतर कोणत्याही चाऱ्यातल्या जनुकांसारखीच. बाहेरचा जनुक घातलेल्या पेंडीचाही अनुभव आता मोठा आहे. आपल्याकडची सरकी पेंड दीड दशकाहून जास्त काळ मुख्यतः बीटी कपाशीचीच आहे. अमेरिकेत १९९६नंतर बहुतेक पशुखाद्य असं झालं, आणि व्हॅन इनेनाम आणि यंग यांनी २०१४ मध्ये आधीच्या आणि नंतरच्या काळातल्या १०० अब्जांहून जास्त जनावरांच्या नोंदी ताडून पाहिल्या. जनावरांच्या आरोग्यात बिघाड दिसला नाही. दुधाची काळजी करायची असेल तर बुरशी लागलेल्या पेंडीची करा. तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा काही अंश थेट दुधात उतरतो. दुधात दर किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा आहे. ती ओलांडायला ओलसर गोदामातली एक थप्पी पुरते, आणि ज्वारीचं कोणतंही सुधारित वाण तिथे उपयोगाचं नाही.

उद्या बिनविषाचं बी आलंच तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा गुण दोन्ही बाजूंनी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच चालतो. एका बाजूने चालू जनुक आला की झाड पुन्हा विष बनवतं. ज्वारी बहुतांश स्वतःच्याच परागाने फळते, पण सगळी नाही. शेजारी नेहमीची ज्वारी असेल आणि तुम्ही घरचं बी धरलं तर पुढच्या पेऱ्यात काही झाडं विषारी निघतील, आणि दिसायला ती तशीच असतील. संकरित चारा वाणात दोन्ही पालक ओळी बिनविषाच्या असाव्या लागतात. त्यात गेल्या वर्षी सांडलेली ज्वारी आणि बांधावरचं बरू तुमच्या नव्या पिकात उगवणारच. म्हणून अशा बियाण्यासोबत विक्रेत्याला तीन गोष्टी विचारायच्या: विष फक्त मोठ्या पानात कमी आहे की रोपातही, दोन्ही पालक ओळींत गुण आहे का, आणि आपल्या भागात खोडमाशी-खोडकिड्यासमोर चाचणी झाली आहे का.

आणि नायट्रेट. हे मी मुद्दाम सांगतो, कारण विष काढलेल्या ज्वारीबद्दल बोलताना ते बहुतेक जण विसरतात. पावसाचा ताण आणि युरियाचा जास्त डोस या दोन्हींमुळे ज्वारीत नायट्रेटही साठतं. ते मका, बाजरी, नेपियर यांतही साठतं आणि धुरिनचा जनुक बंद केल्याने जात नाही. नायट्रेटच्या विषबाधेत रक्त चॉकलेटी होतं, सायनाइडच्या विषबाधेत लालभडक. हा रंग ओळखण्यावर जनावराचा जीव अवलंबून असतो. सायनाइडवर पशुवैद्यक सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. तेच नायट्राइट नायट्रेटच्या जनावराला दिलं तर ते तिथेच संपेल, त्याला मिथिलीन ब्लू लागतं. म्हणून डॉक्टरांना फोन करतानाच रक्ताचा किंवा डोळ्याच्या आतल्या कडेचा रंग सांगा आणि जनावर काय खाऊन आलं तेही सांगा. हायपो, म्हणजे फोटोग्राफीतलं सोडियम थायोसल्फेट, पाण्यातून पाजून पोटातलं उरलेलं सायनाइड बांधता येतं. ज्वारी करणाऱ्या गोठ्यात ते ठेवायला हरकत नाही, मात्र मात्रा आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

या हंगामासाठी आता. कमरेच्या खालची ज्वारी जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नका. एक-कापणीच्या वाणाला निम्मं रान फुलोऱ्यात येईपर्यंत थांबा. ताणानंतर पाऊस झाला की येणारे फुटवे सर्वात घातक, तिथे मुळीच घाई नको. कापणीनंतरच्या खोडव्यालाही हेच. रब्बीची काढणी झाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला की रानात पोंगे फुटतात. मेंढपाळ आणि मोकाट गुरं नेमकी तिथे जातात, म्हणून त्या दिवसांत गावात सांगणं हेही काम आहे. युरिया दोन हप्त्यांत विभागून द्या. नत्राने वाढलेल्या झाडातही पहिल्या जनुकाचं काम वाढतं, हे २००२ मध्ये कोपनहेगनच्याच संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे धुरिन तुमच्या फडक्यातल्या युरियाशीही बांधलेलं आहे.

हिरव्या ज्वारीच्या आधी कडबा किंवा दुसरी कोरडी वैरण भरपेट घाला, मग ज्वारी. खाण्याचा वेग कमी होतो, आणि वर सांगितलेलं यकृताचं काम सोपं होतं. 'वाळवलं की विष गेलं' या समजावर विसंबू नका. पक्क्या ज्वारीचा कडबा सुरक्षित असतो, तो पीक पक्व झालेलं असतं म्हणून. कोवळी ज्वारी कापून दोन दिवस वाळवली तर विष कमी होतं, पण ते संपेलच असं नाही. मुरघासात बरंच निघून जातं, मात्र खड्डा उघडल्यावर पहिला थर काही वेळ हवेवर राहू द्या.

शंका असेल तर तपासणी अवघड नाही. पिक्रिक आम्लात भिजवलेली पिवळी कागदपट्टी, चिरलेली पानं आणि झाकणबंद काचेची बाटली, एवढंच साहित्य. पट्टी विटकरी झाली की सायनाइड सुटतंय असं समजायचं. जितका रंग गडद तितकं जास्त. पट्टी पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा पशुसंवर्धन खात्याच्या प्रयोगशाळेत तयार करून मिळू शकते, घरी पिक्रिक आम्ल हाताळू नका. आकडा हवा असेल तर पुण्यात औंधला राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. सुक्या भारावर ५०० पीपीएमच्या (दर किलोमागे ५०० मिलिग्रॅम) आत साधारण सुरक्षित, १०००च्या वर धोक्याचं. मधल्या आकड्यांना ज्वारी एकटी घालू नका, निम्म्याहून जास्त दुसरी वैरण मिसळा.

खरिपात पावसाचा भरवसा नसलेल्या तुमच्यासारख्या रानात मी कडवळाच्या ज्वारीसोबत थोडी चाऱ्याची बाजरीही करायला सांगेन. बाजरीत धुरिन नसतं. ताण पडलाच तर ज्वारी उभी ठेवून फुलोऱ्यापर्यंत नेता येते आणि तोवर दावणीला बाजरी चालते. नायट्रेटचं भान मात्र तिथेही ठेवा आणि खुंटलेल्या बाजरीला वरून युरिया टाकू नका.